भिलाईची सायकलस्वारी: सेक्टरात सुख, हायवेवर हाल!

हावड्याकडे निघालेली गाडी नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग मागे टाकते आणि थोड्याच वेळात उजव्या हाताच्या खिडकीतून उंच चिमण्या दिसू लागतात. रात्रीची वेळ असेल तर आकाशाचा एक कोपरा तांबूस झालेला असतो. ‘भिलाई आली,’ म्हणत माणसं बर्थखालच्या बॅगा ओढायला लागतात. महाराष्ट्रातल्या बहुतेकांची भिलाईशी ओळख एवढीच. शाळेच्या भूगोलात भेटलेला पोलादाचा कारखाना आणि रेल्वेच्या खिडकीतून दिसलेला धूर!

विदर्भातल्या कितीतरी घरांसाठी मात्र भिलाई म्हणजे मामाचं गाव, आत्याचं घर, नाहीतर सासुरवाडी. हे नातं आजचं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ सोडला तर, छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे इंग्रजी अमदानीतही हा मुलूख नागपूरच्याच कारभारात राहिला. गंमत म्हणजे २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि नागपूर-भिलाईची ताटातूट झाली. २००० साली त्याच तारखेला छत्तीसगड हे वेगळं राज्य झालं. राज्यं बदलली, सोयरिकी मात्र टिकल्या.

समजा, असेच एक नागपूरचे जावईबापू डिसेंबरात चार दिवस भिलाईला सासुरवाडीला आलेत. सासरे कारखान्यात नोकरीला. घर कारखान्याच्या वसाहतीतलं. अंगणात पेरूचं झाड आणि झाडाला टेकून उभी काळी, दणकट, मागे मोठं कॅरिअर असलेली जुनी सायकल. सासरेबुवा आता स्कूटरवरून कामावर जातात. सायकल मात्र त्यांनी विकलेली नाही. सकाळी साडेसहाला जावईबापू सायकलवर टांग टाकतात. दारातून सासरेबुवा सांगतात, “जावईबापू, सेक्टरात खुशाल फिरा. पण रेल्वेलाइनच्या पलीकडे जाऊ नका हो. आणि दहाच्या आत या.”

या सूचनेतली पहिली दोन वाक्यं म्हणजे भिलाईचा अख्खा नकाशा आहे. जावईबापूंना ते कळायला दुपार उजाडावी लागणार आहे!

सायकलच्या मापाचं गाव

भिलाईचे सेक्टर सायकलवरूनच पाहावेत. जमीन सपाट. चढ नाही, घाट नाही. रस्ते रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूंना जुनी, डेरेदार झाडं. सेंट्रल अव्हेन्यूवरून निघालं की डाव्या-उजव्या हाताला आकडे लावलेल्या गल्ल्या फुटत जातात. इथला पत्ताही आकड्यांचाच असतो. अमुक सेक्टर, तमुक स्ट्रीट, इतक्या नंबरचं क्वार्टर. प्रत्येक सेक्टरला आपली शाळा, आपला बाजार, आपलं मैदान. म्हणजे दूध आणायला, मुलाला शाळेत सोडायला, सेक्टर ९ च्या मोठ्या रुग्णालयात कुणाला भेटायला, कुठेही जायचं तरी सायकल पुरेशी.

हे आपोआप घडलेलं नाही. हे शहर आखलं गेलं पन्नासच्या दशकात. तेव्हा कामगाराचं वाहन म्हणजे सायकल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढायचं असं पहिलं उद्दिष्ट होतं. तेवढ्या मोठ्या कारखान्याला हजारो हात हवे होते आणि ते हात वेळेवर गेटवर पोहोचायला हवे होते. घरापासून गेटपर्यंतचं अंतर सायकलने सहज कापता यावं, असं हे गाव बसलं.

हात आले देशभरातून. केरळ, आंध्र, पंजाब, बंगाल, बिहार, ओरिसा, महाराष्ट्र. म्हणूनच भिलाईला ‘मिनी भारत’ म्हणतात. एकाच स्ट्रीटवर एका दारात ओणमची फुलांची रांगोळी, दुसऱ्या दारात गुढी आणि तिसऱ्या दारात छठपूजेची टोपली. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर मात्र सगळ्यांचा नाश्ता एकच, पोहे आणि जिलेबी! नागपूरच्या माणसाला पोह्यांवर तर्री हवी असते. इथे पोह्यांशेजारी गरम जिलेबीचा वेढा येतो. पहिल्या घासाला विचित्र वाटतं. तिसऱ्या घासाला नागपूरकरही दुसरी प्लेट मागतो.

चौकांची नावंही मजेशीर आहेत. एक मुर्गा चौक, एक ग्लोब चौक. नागरी केंद्राला इथे कुणी नागरी केंद्र म्हणत नाही. ते ‘सिव्हिक सेंटर’. तिथे नेहरू आर्ट गॅलरी आहे. संध्याकाळी सगळं भिलाई तिथे फिरायला येतं. सकाळी मात्र शिकवणीला निघालेल्या मुलांची गर्दी. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षांची तयारी हा भिलाईचा दुसरा मोठा उद्योग. २०१६ साली तर खुद्द आयआयटीच भिलाईच्या नावाने सुरू झाली.

तलाव आणि पांढरा वाघ

सेक्टर मागे टाकून दक्षिणेला वळलं की हवा बदलते. मरोद्याचे तलाव जवळ आल्याची ती खूण. पोलादाच्या कारखान्याला लोखंडाच्या खनिजाइतकीच पाण्याची तहान असते. ते पाणी तांदुळा धरणातून कालव्याने येतं आणि मरोद्याला साठवलं जातं. थंडीत इथे पाण्यावर धुकं असतं आणि धुक्यात बगळे, पाणकावळे. खनिज येतं आणखी दक्षिणेहून, ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून. मरोदा स्टेशनच्या फाटकाशी उभं राहिलं की तांबड्या मातीने माखलेल्या वॅगन एकामागून एक जाताना दिसतात. हीच तांबडी माती पुढे रूळ होऊन बाहेर पडते. भारतीय रेल्वेचे रूळ दशकानुदशकं भिलाईतच बनत आले आहेत. एकसंध १३० मीटर लांबीचा रूळ आणि असे दोन जोडून २६० मीटरचा, हा भिलाईचा मान. म्हणजे आपण ज्या गाडीने आलो, ती बहुधा भिलाईवरूनच धावत भिलाईला आली!

जवळच मैत्रीबाग. १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून कारखान्याने उभारलेली ही बाग आणि प्राणिसंग्रहालय. पांढरे वाघ हे इथलं मोठं आकर्षण. मुलांसाठी छोटी आगगाडी, तळ्यात नावा. तो सोव्हिएत देश १९९१ मध्ये नकाशावरून गेला. मैत्रीबाग मात्र आहे, आणि रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते.

इथपर्यंत सगळं कसं झकास! घड्याळात साडेआठ. पायांत जोर, पोटात जिलेबी. याच वेळी घरी वळावं. पण सहलीत माणसाला ‘अजून थोडं’चा मोह होतो. जावईबापू खिशातून मोबाइल काढतात. कुणीतरी देवबलोद्याच्या जुन्या शिवमंदिराबद्दल सांगितलेलं असतं. नकाशा दाखवतो, पंधरा किलोमीटरच्या आसपास. सपाट रस्ता. तासाभराचं तर काम!

नकाशा अंतर सांगतो. रस्त्याचा स्वभाव सांगत नाही.

लाइनच्या पलीकडे

देवबलोदा शहराच्या पूर्वेला, चरोद्याजवळ. मधे कारखाना पसरलेला. त्याच्या भिंतीला वळसा घालायचा तर रेल्वेलाइन ओलांडून जी. ई. रोडवर यावंच लागतं. जी. ई. म्हणजे ग्रेट ईस्टर्न. जुना मुंबई-कलकत्ता महामार्ग. कालपर्यंत त्याला सहा नंबरचा म्हणायचे, नव्या मोजणीत तो त्रेपन्न नंबरचा झाला. दुर्ग, भिलाई आणि रायपूर ही तिन्ही शहरं या एकाच रस्त्यात ओवलेली आहेत. सुपेला आणि पॉवर हाऊसला आता उड्डाणपूल झालेत. त्यांवरून मोटारी सुसाट जातात. पुलाखाली राहतात रिक्षा, हातगाड्या, गायी आणि सायकली.

सेक्टरांतली सावली इथे संपते. सळ्या आणि पत्र्याची वेटोळी लादलेले ट्रक इतक्या जवळून जातात की त्यांच्या वाऱ्याने सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. घाबरून सायकलस्वार डांबरावरून खाली मुरमावर उतरतो. खरी मेख इथेच आहे. डांबराची कड मुरमापासून वीतभर उंच असते. चालत्या सायकलवरून तिरकं वर चढायला गेलं की पुढचं चाक कडेला घासतं आणि माणूस थेट रस्त्यावर आडवा. मागून ट्रक असेल तर पुढचं बोलायलाच नको. अशा वेळी सरळ उतरावं, सायकल उचलून वर ठेवावी आणि मग बसावं. यात कमीपणा नाही. रोज या रस्त्याने जाणारे कामगार तेच करतात.

जावईबापू खुर्सीपार मागे टाकतात, आणि मागच्या चाकातून फुस्स असा आवाज येतो. सीटखालून दणके बसायला लागतात. पोलादाच्या गावात पंक्चर झालं तेही पोलादानेच! फुटलेल्या ट्रकटायरांमधून तारेचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात. पायाला ते जाणवत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत. सायकलच्या टायरमधून मात्र सुईसारखे आत जातात.

घड्याळात साडेदहा. डिसेंबर असला तरी ऊन चटका द्यायला लागलेलं. बाटलीतलं पाणी मैत्रीबागेतच संपलेलं. रस्त्याच्या कडेला टायरची दुकानं ओळीने आहेत, पण ती ट्रक आणि मोटारींची. “सायकल? इधर नहीं बनती.” एक झालं, दोन झाली, तीन झाली. हवा नसलेली सायकल चालवायची नसते. ट्यूब रिमखाली चिरडते आणि पंचवीस-तीस रुपयांचं काम नव्या टायर-ट्यूबवर जातं. म्हणजे ढकलण्याशिवाय इलाज नाही. तशात ही जुन्या घाटाची लोखंडी सायकल. चालवताना ती हत्तीसारखी झुलत जाते. ढकलताना मात्र हत्तीच होते!

“पंचर होगे का गा?” मागून आलेला एक सायकलवाला विचारतो. कॅरिअरला जेवणाचा डबा बांधलेला, अंगावर सिमेंटची धूळ. छत्तीसगडीत ‘गा’ लावून बोललं की परकेपणा राहत नाही. तो स्वतःच्या सायकलवरून उतरतो आणि सोबत चालायला लागतो. पॉवर हाऊसकडे परत चला, तिथे झाडाखाली एक म्हातारबुवा बसतात, ते काढून देतील. त्याला कामावर जायला उशीर होतोय, हे तो वाटेत एकदाही सांगत नाही.

झाडाखालचं दुकान

पंक्चर काढणं ही बघत बसण्यासारखी गोष्ट आहे. म्हातारबुवा सायकल उलटी करतात. दोन पट्ट्यांनी टायरची एक बाजू रिमबाहेर काढतात, ट्यूब ओढून त्यात थोडी हवा भरतात आणि पाण्याच्या घमेल्यात फिरवतात. बुडबुडे येतात तिथे ओल्या बोटाने खूण. मग ती जागा पुसून कोरडी करायची, पॉलिशपेपरने घासायची आणि वर सोल्युशन लावायचं. नवखा माणूस लगेच ठिगळ चिकटवतो आणि फसतो. सोल्युशन आधी सुकू द्यावं लागतं, तेव्हाच ठिगळ धरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायरच्या आतून बोट फिरवून ती तार शोधून काढायची. ती राहिली तर शंभर पावलांवर पुन्हा तेच.

हे चालू असताना जावईबापूंना बसायला एक स्टूल मिळतं आणि शेजारच्या ठेल्यावरून चहा आणि आलूगुंडा. आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडाच. आणि बसल्या जागेवरून ते प्रथमच ती भिलाई पाहतात, जी सेक्टरांतून दिसत नाही.

इथे झाडं कमी, घरं दाटीची. कॅम्प एक, कॅम्प दोन, खुर्सीपार, सुपेला. कारखाना बांधायला आलेल्या मजुरांनी, कारखान्यात कायमची नोकरी न मिळालेल्यांनी आणि ज्यांच्या जमिनी गेल्या अशांतल्या कितीतरी जणांनी वसवलेल्या या वस्त्या. भिलाईसाठी नव्वदहून अधिक गावांमधली जमीन घेतली गेली होती. सुरुवातीला तर खेड्यांतली माणसं कारखान्याच्या कामाला जायला भीत. एवढं मोठं बांधकाम उभं राहायला माणसांचा बळी लागतो, अशी बोलवा पसरली होती. भिलाईत १९९३ पासून वर्षानुवर्षं येऊन राहिलेले लंडनचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या २०२० सालच्या ग्रंथाचा मुख्य विषयच हा आहे की भिलाईत कामगार म्हणून एकच वर्ग नाही. कायम नोकरीवाल्याचं जग वेगळं आणि कंत्राटी कामगाराचं वेगळं.

ही दरी किती खोल होती, ते पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर दिसलं. नव्वदच्या सुमारास भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांची मागणी साधी होती. कायम नोकरी आणि जगण्यापुरती मजुरी. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या हुडको वसाहतीत आपल्या घरी झोपले असताना खिडकीतून झाडलेल्या गोळ्यांनी मारले गेले. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, कामगार आपल्या मागण्यांसाठी बायकामुलांसह पॉवर हाऊसच्या रुळांवर बसले. पोलिसांनी गोळीबार केला. सोळा कामगार ठार झाले. दरवर्षी १ जुलैला त्यांच्या आठवणीसाठी लोक इथे जमतात. नियोगींच्या संघटनेने दल्ली-राजहऱ्याला १९८३ साली सुरू केलेलं शहीद हॉस्पिटल हे मजुरांनी मजुरांसाठी उभारलेलं रुग्णालय म्हणून देशभर नावाजलं गेलं.

सहलीला निघालेल्या माणसाला हे सगळं कशाला, असं कुणी म्हणेल. पण भिलाईत सायकलवरून फिरायचं तर ही गोष्ट टाळता येत नाही. कारण आज इथे सायकल कोण चालवतं, ते पाहा. एकेकाळी ती कारखान्यातल्या प्रत्येकाची होती. पाळी सुटली की गेटमधून सायकलींचा पूर लोटायचा. पुढे कायम कामगाराकडे स्कूटर आली, मोटरसायकल आली, मोटार आली. सायकल उरली कंत्राटी मजुराकडे, धुणंभांडी करणाऱ्या बाईकडे, रोजंदारीवर बांधकामावर जाणाऱ्याकडे. आणि शाळेत जाणाऱ्या मुलींकडे. छत्तीसगड सरकारने २००४ च्या सुमारास हायस्कूलच्या गरजू मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. सरस्वती सायकल योजना हे तिचं नाव. त्या सायकलींवर बसून खेड्यांतल्या मुली दूरच्या शाळांपर्यंत पोहोचल्या.

म्हणजे ज्यांच्यासाठी सायकल ही हौस आहे, त्यांना सेक्टरांतली सावली. आणि ज्यांचं तिच्यावाचून चालत नाही, त्यांच्या वाट्याला ही डांबराची कड. जावईबापूंचा हाल एका सकाळीपुरता. डबा बांधून सोबत चालत आलेल्या त्या माणसाचा मात्र रोजचा.

दोन वाजताचं भिलाई

पंक्चर निघतं. पैसे विचारले तर म्हातारबुवा इतके कमी सांगतात की देणाऱ्यालाच संकोच वाटावा. फोन वाजतो. “जावईबापू, कुठे आहात?” “बाबा, पॉवर हाऊसला.” पलीकडे क्षणभर शांतता. मग एवढंच, “सावकाश या. दोनच्या गर्दीत सापडू नका.”

पण सापडायचं ते सापडतातच! कारखान्याची पाळी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला बदलते. घड्याळ नसलं तरी रस्त्यावरच्या गर्दीवरून भिलाईत वेळ कळते. एक लोंढा गेटकडे, दुसरा गेटबाहेर. हेल्मेट घातलेली माणसं, डब्यांच्या पिशव्या, मोटरसायकली, स्कूटर आणि कडेकडेने सायकली. ऐंशीच्या दशकात इथे साठ हजारांवर माणसं नोकरीला होती. पुढे यंत्रं वाढली आणि कायम कामगारांची संख्या कितीतरी पटीने घटली. तरी दोनची ही गर्दी भिलाईची नाडी आहे.

नवख्याला ती नुसती वाहतूक वाटते. घरात वाट पाहणाऱ्या बाईला तसं वाटत नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात वायुगळती झाली आणि सहा जण दगावले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीला आग लागून दहाहून अधिक जणांचा बळी गेला. वितळलेलं लोखंड, ज्वालाग्राही वायू आणि प्रचंड दाबाच्या वाहिन्या यांच्या शेजारी आठ तास काढून माणूस घरी येतो. अंगणात स्टँड लावल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरातला जीव भांड्यात पडतो. सासूबाईंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलेलं असतं आणि त्या एका शब्दाने रागावत नाहीत. वाट पाहण्याची त्यांना तीस वर्षांची सवय असते.

देऊळ पाहायचंच, पण रेल्वेने!

देवबलोदा हुकलं म्हणून हळहळायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी बायकामुलांना घेऊन लोकल गाडीने देवबलोदा-चरोदा या छोट्या स्टेशनावर उतरलं की देऊळ जवळच आहे. कलचुरी काळातलं हे शिवमंदिर आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरच्या भिंतींवर हत्ती, घोडे, शिकारीचे प्रसंग, नर्तक आणि देवदेवता कोरलेल्या. शेजारी पायऱ्यांचं कुंड. वर पाहिलं की लक्षात येतं, शिखर पुरं झालेलंच नाही!

का, याची एक दंतकथा गावात सांगतात. हे देऊळ म्हणे सहा महिन्यांच्या एकाच लांबलचक रात्रीत घडवलं जात होतं. शिल्पी विवस्त्र होऊन, देहभान हरपून काम करी. बायको रोज जेवण घेऊन येई. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली. तिला पाहताच लाजेने शिल्पीने कुंडात उडी घेतली आणि बहिणीने तळ्यात. कुंडाच्या तळाशी असलेल्या भुयारातून तो थेट आरंगला निघाला आणि तिथे दगड झाला. काम अर्धंच राहिलं. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंचं गनियारी गावही भिलाईपासून लांब नाही. याच मातीतल्या त्या बाईंनी हातात तंबुरा घेऊन महाभारत जगभर नेलं, भिलाईच्या कारखान्यात नोकरीही केली आणि २०१९ मध्ये त्या पद्मविभूषण झाल्या.

सायकलवरून भिलाई पाहायची असेल तर...

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्याच्या शेवटी ‘नवतपा’ असतो. ते नऊ दिवस पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तेव्हा सायकल नकोच. पावसाळ्यात रिम ओली झाली की जुन्या सायकलचे ब्रेक नीट धरत नाहीत. दुर्गजवळ शिवनाथ नदीवर महमऱ्याचा बंधारा आहे. सहलीची जागा सुरेख, पण पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना सायकल काय, पायही घालू नये. घोट्याएवढं दिसणारं वाहतं पाणी माणसाला उचलून नेतं.

जायचं कसं? मुंबई-हावडा मार्गावरच्या बऱ्याच गाड्या दुर्गला थांबतात. दुर्गहून भिलाई अगदी लगत. सिव्हिक सेंटर, सेक्टर ९ चा हनुमान, मैत्रीबाग आणि मरोदा ही फेरी सकाळी सहाला निघून दहाच्या आत आरामात होते. मैत्रीबागेच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

सोबत काय? दोन बाटल्या पाणी, टोपी, छोटा पंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि एक जादा ट्यूब. पहाटे निघायचं तर मागे लाल दिवा आणि अंगात फिका शर्ट. आणि निघताना घरच्या माणसाने दिलेली सूचना. ती नकाशापेक्षा खरी असते.

जी. ई. रोडवर मोटारीने जाणं झालं आणि कडेला एखादी सायकल दिसली, तर हॉर्नऐवजी वेग थोडा कमी करावा आणि दोन हात अंतर जास्त सोडावं. कॅरिअरला बांधलेला डबा कुणाच्या तरी घरी रिकामा होऊन परत पोहोचायचा असतो.